गरीब कारखान्याचा इंजिनिअर

2024 च्या अखेरीस डुकाटीने 890 सीसीचे नवे दोन-सिलिंडर इंजिन जाहीर केले, तेव्हा या कंपनीच्या जुन्या भक्तांच्या कपाळाला आठ्या पडल्या. या इंजिनात व्हॉल्व्ह बंद करण्याचे काम साध्या स्प्रिंगकडे दिले आहे. जगातल्या जवळजवळ सगळ्या मोटरसायकलींत ते तसेच असते, त्यामुळे बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही. पण डुकाटीची ओळखच मुळी 'डेस्मो' या यंत्रणेशी जोडलेली. या यंत्रणेत व्हॉल्व्ह उघडायलाही कॅम आणि मिटायलाही कॅमच, स्प्रिंगच्या भरवशावर काही सोडायचे नाही. ही यंत्रणा मोटरसायकलीत रुजवणारे इंजिनिअर फाबिओ तालिओनी. साहजिकच 'तालिओनींचा वारसा संपला' अशी हळहळ व्यक्त झाली. पण त्याच नव्या इंजिनाचे दोन्ही सिलिंडर एकमेकांशी बरोबर 90 अंशांचा कोन करून उभे आहेत, आणि हा कोन डुकाटीच्या दोन-सिलिंडर इंजिनात तालिओनींनीच 1970 मध्ये कागदावर आणला होता, याकडे हळहळणाऱ्यांपैकी फारच थोड्यांचे लक्ष गेले. डेस्मो गेला, कोन राहिला. पुढच्या पानांत ज्यांची ओळख करून द्यायची आहे त्या माणसाला आपण चुकीच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवले आहे की काय, ही शंका इथूनच सुरू होते. डेस्मो हे त्यांचे सर्वांत प्रसिद्ध काम खरे. पण तंगीत चालणाऱ्या कारखान्याच्या ऐपतीत बसेल आणि तरी शर्यत जिंकेल असे इंजिन पुन्हा पुन्हा आखून देणे, ही त्यांची खरी करामत. डेस्मोचा अर्थही तिच्या उजेडातच लागतो.

इटालियन दुचाकी म्हटली की मराठी वाचकाला आधी व्हेस्पा आठवते, कारण तिच्याच परवान्यावर आकुर्डीत बजाजने स्कूटरी बनवल्या आणि पुढचा 'चेतक'ही त्याच घराण्यातला. त्यामानाने बोलोन्याच्या वेशीवरचे बोर्गो पानिगाले आपल्याला परके. तिथला डुकाटीचा कारखाना मुळात मोटरसायकलींचा नव्हताच. 1926 मध्ये आद्रियानो काव्हालिएरी डुकाटी आणि त्यांच्या भावांनी रेडिओचे सुटे भाग, कंडेन्सर वगैरे बनवण्यासाठी कंपनी काढली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकीत कारखाना उद्ध्वस्त झाला, भावांच्या हातून कंपनी गेली आणि ती सरकारी पंखाखाली आली. 1946 पासून तिथे 'कुच्चोलो' हे सायकलला बसवायचे 48 सीसीचे चिमुकले इंजिन बनू लागले, तेही बाहेरच्या माणसाने आखलेले. 1954 मध्ये तालिओनी तिथे रुजू झाले तेव्हा ते 33 वर्षांचे होते. रोमान्यातल्या लुगो गावचा जन्म, बोलोन्यात अभियांत्रिकीचे शिक्षण, चेक्कातो आणि मोन्दिआल या दोन कंपन्यांसाठी केलेले काम, एवढी त्यांची शिदोरी. कंपनीचे संचालक जुझेप्पे मोन्तानो यांना हवी होती शर्यत जिंकणारी गाडी, आणि तीही लवकर. सरकारी मालकीच्या कारखान्यात पैसा मोजून मिळतो आणि व्यवस्थापक बदलला की धोरण बदलते. तालिओनींच्या पस्तीसएक वर्षांच्या नोकरीचा हा कायमचा भूगोल होता. त्यांच्या आराखड्यांचे कौतुक करणारे बहुतेक लेखक हा भूगोल एका वाक्यात उरकतात, आणि मग आराखडे आकाशातून पडल्यासारखे दिसतात.

पहिले इंजिन आले 1955 मध्ये. 100 सीसीच्या वर्गातली ही 'ग्रान स्पोर्ट', लोकांनी तिला 'मारिआन्ना' म्हटले. एक सिलिंडर, वर माथ्यात एक कॅमशाफ्ट, आणि तो फिरवायला खालून वर गेलेला एक उभा दांडा, ज्याच्या दोन्ही टोकांना बेव्हल गिअर. त्या वर्षीच्या मोटोजिरो दितालिया या लांब पल्ल्याच्या रस्ताशर्यतीत जान्नी देली आंतोनी याने तिच्यावर आपला वर्ग जिंकला. पुढची जवळजवळ वीस वर्षे डुकाटीच्या एक-सिलिंडर गाड्या आकाराने वाढत गेल्या. 125, 175, 200, 250, 350, 450 सीसी अशी ती चढण आहे, पण पायाभूत बांधणी मारिआन्नाचीच. नवे इंजिन म्हणजे नवे साचे, नवी हत्यारे, नवा खर्च. तालिओनींनी पहिल्याच आराखड्यात एवढा वाव ठेवला की तो खर्च कंपनीला वारंवार करावा लागला नाही.

मारिआन्नाची अडचण तिच्या यशातच होती. हे इंजिन फेऱ्या घ्यायला कचरत नसे, आणि फेऱ्या वाढल्या की व्हॉल्व्हची स्प्रिंग आडवी येई. कॅमचा उंचवटा व्हॉल्व्हला ढकलून उघडतो; उंचवटा सरकला की स्प्रिंगने व्हॉल्व्हला मागे ओढून जागेवर बसवायचे. मिनिटाला 12,500 फेऱ्यांवर हे उघडणे-मिटणे सेकंदाला शंभराहून जास्त वेळा व्हावे लागते. एका मर्यादेनंतर स्प्रिंगला ते झेपत नाही. व्हॉल्व्ह कॅमची संगत सोडून क्षणभर अधांतरी राहतो, आणि तेवढ्यात पिस्टन वर आला तर त्याच्या डोक्यावर आदळतो. जास्त ताठ स्प्रिंग घालावी तर कॅमवरचा दाब वाढतो, झीज वाढते, आणि त्या काळच्या पोलादाची स्प्रिंग तुटायची ती तुटतेच. तालिओनींनी स्प्रिंगचे हे कामच काढून घेतले. 1956 च्या 125 सीसी शर्यतगाडीत त्यांनी माथ्यात तीन कॅमशाफ्ट बसवले: कडेचे दोन व्हॉल्व्ह उघडायला, मधला ते मिटवायला. त्या जुलैत स्वीडनमधल्या हेडेमोराला देली आंतोनी पहिल्याच खेपेला ही गाडी घेऊन उतरला आणि जिंकला. पुढच्याच महिन्यात मोन्झाला सरावात त्याचा मृत्यू झाला आणि कार्यक्रम लांबला. 1958 मध्ये मात्र मोन्झाच्या 125 सीसी ग्रां प्रीत पहिले पाचही क्रमांक डुकाटीचे होते, ब्रुनो स्पाज्जारी सर्वांत पुढे. जगज्जेतेपद एमव्ही आगुस्ताच्या कार्लो उब्बिआली यांनीच राखले, हेही नोंदवायला हवे. डुकाटीचा आल्बेर्तो गान्दोस्सी दुसरा आला.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. डेस्मो तालिओनींनी शोधलेला नाही. 1914 च्या देलाज शर्यतमोटारीत ही कल्पना वापरली गेली होती, आणि 1954-55 मध्ये मर्सिडीझने डब्ल्यू 196 या मोटारीत ती इतकी यशस्वी करून दाखवली की तालिओनींच्या आधी दोन वर्षे तिच्यावर शिक्कामोर्तब झाले होते. मग श्रेय कसले? मर्सिडीझने ती यंत्रणा शर्यतीबरोबर गुंडाळून ठेवली. विकायच्या मोटारीत ती परवडणारी नव्हती. तालिओनींनी बारा वर्षे तिच्यातून एकेक तुकडा वजा केला. 1968 मध्ये 'मार्क 3 डी' ही गाडी विक्रीला आली तेव्हा तीन कॅमशाफ्टचा एकच उरला होता. त्याच एका दांड्यावर शेजारी शेजारी चार उंचवटे, दोन उघडणारे, दोन मिटवणारे. दुकानात जाऊन विकत घेता येणारी ही पहिली डेस्मो मोटरसायकल. शोध लावणारा वेगळा आणि ती वस्तू सामान्य गिऱ्हाइकाच्या दारात आणून उभी करणारा वेगळा. दुसऱ्याचे काम पहिल्याहून हलके असते असे मानायचे कारण नाही. ते बरेचदा अधिक चिवटपणाचे असते.

याच मार्क 3 डी गाडीत माझ्या म्हणण्याचा सर्वांत पक्का पुरावा आहे. तिच्या शेजारी त्याच वर्षी 'मार्क 3' ही जुळी बहीणही विकायला होती. तोच क्रँककेस, तोच गिअरबॉक्स, तीच चौकट. फरक फक्त माथ्यात, कारण हिला डेस्मो नाही, साधी स्प्रिंग. पुढे 750 सीसीच्या गाड्यांतही तेच दिसते. 'जीटी'ला स्प्रिंग, 'सुपर स्पोर्ट'ला डेस्मो. 860 जीटीला स्प्रिंग, 900 सुपर स्पोर्टला डेस्मो. ज्याला डेस्मोचा महंत म्हणून मखरात बसवले जाते त्या माणसाच्या देखरेखीखाली कारखान्यातून वर्षानुवर्षे स्प्रिंगच्या गाड्या बाहेर पडत होत्या. रोज कामावर जाणाऱ्याला वरच्या फेऱ्यांची गरज नाही, आणि डेस्मोची निगा राखणे हे काही लहानसहान काम नाही. साध्या इंजिनाचे टॅपेट सेट करताना प्रत्येक व्हॉल्व्हमागे एक फट पाहायची असते, डेस्मोत दोन. उघडणारी वेगळी, मिटणारी वेगळी, आणि मिटणारी तर जवळजवळ शून्यावर आणायची. त्यासाठी व्हॉल्व्हच्या दांडीवरच्या नखाएवढ्या अर्धकड्या काढायच्या, शिम बदलायचे, पुन्हा मोजायचे, पुन्हा उघडायचे. हा खर्च कुणाच्या माथी मारायचा आणि कुणाच्या नाही, याचा हिशेब तालिओनींना होता. बोधचिन्ह म्हणून डेस्मो मिरवणे नंतरच्या जाहिरातवाल्यांनी सुरू केले.

मधल्या काळात कंपनीवर जे गुदरले ते ध्यानात घेतल्याशिवाय या हिशेबीपणाचे मोल कळत नाही. 1957 च्या मिल्ले मिलिआ मोटारशर्यतीत अपघात होऊन प्रेक्षक मेले आणि इटलीत उघड्या रस्त्यावरच्या शर्यती बंद झाल्या. ज्या मोटोजिरोसाठी मारिआन्ना जन्मली तीही गेली. त्याच वर्षी फियाटची नवी छोटी 500 मोटार आली आणि मोटरसायकल घेऊ पाहणारा इटालियन कुटुंबवत्सल माणूस तिच्याकडे वळला. पुढे डुकाटीचे अमेरिकेतले वितरक बर्लिनर बंधू यांच्या आग्रहाखातर तिथल्या पोलिसांसाठी 'अपोलो' आखली गेली. चार सिलिंडर, साडेबाराशे सीसीच्या वर. हार्लेला टक्कर देणारी ही गाडी इतकी दांडगी निघाली की त्या वेळचे टायर तिच्याखाली टिकेनात. ताकद कमी करत नेली तशी तिची मातब्बरी उरली नाही, आणि प्रकल्प नमुन्यांपाशीच थांबला. तालिओनींच्या कारकिर्दीत खर्चाचा विचार बाजूला ठेवून मोठे स्वप्न पाहिलेली गाडी हीच, आणि फसलेलीही हीच. तिच्यातूनही त्यांनी एक गोष्ट मात्र वाया जाऊ दिली नाही: चार सिलिंडरांची ती दोन जोड्यांतली 90 अंशांची मांडणी.

1970 मध्ये नव्या व्यवस्थापनाला मोठी गाडी हवी होती. होंडाची चार-सिलिंडर सीबी 750 येऊन वर्ष उलटले होते आणि जग तिच्या मागे धावत होते. तालिओनींनी चार सिलिंडरांचा नाद केला नाही. आपल्या ओळखीचे एक-सिलिंडर इंजिन घ्यावे, तसेच दुसरे त्याला काटकोनात जोडावे, एक जवळजवळ आडवे पुढच्या चाकाकडे, एक उभे, असा हा विचार होता. काटकोनाचा फायदा गणितातच आहे. एका पिस्टनचा प्राथमिक झटका दुसऱ्याच्या झटक्याने निवतो, आणि हे साधायला वेगळे तोलदांडे बसवावे लागत नाहीत. इंजिन अरुंद राहते आणि दोन्ही सिलिंडरांना वारा मिळतो. उणीवही आहेच: आडवा सिलिंडर पुढे जागा खातो, गाडी लांब होते, 750 जीटीच्या दोन चाकांतले अंतर दीड मीटरच्या वर गेले आणि वळणात ती जडशीळ वाटते अशी तक्रार तेव्हाही झाली. पण 1970 मध्ये कागदावर आलेले इंजिन 1971 मध्ये गिऱ्हाइकाच्या गाडीत होते. 23 एप्रिल 1972 रोजी इमोलाच्या पहिल्या 200 मैलांच्या शर्यतीत पॉल स्मार्ट पहिला आणि स्पाज्जारी दुसरा आला. समोर एमव्हीवर बसलेला जाकोमो आगोस्तिनी होता, होंडा, ट्रायम्फ, नॉर्टन, मोटो गुझ्झी, सगळे होते. स्मार्ट त्या वेळी अमेरिकेत शर्यती करत होता. डुकाटीचे बोलावणे त्याच्या पत्नीने परस्पर स्वीकारले, ही गंमत इंग्लंडात अजून सांगितली जाते. मला त्या शर्यतीतला दुसराच तपशील मोलाचा वाटतो. जिंकलेल्या गाडीच्या चौकटीखाली मधला स्टँड बसवायचे कान तसेच होते. शर्यतगाडीला स्टँडचे काय काम? चौकट विक्रीच्या गाडीचीच घेतली होती, आणि ते कान कापण्याचीही कुणाला गरज वाटली नव्हती.

आता जड आक्षेप. तालिओनी हट्टी होते, जुन्याला चिकटून राहणारे होते, आणि जपान्यांनी युरोपचा बाजार गिळला तेव्हा डुकाटीला वाचवेल अशी स्वस्त, सगळ्यांना चालणारी गाडी त्यांनी दिली नाही. बेव्हल गिअरचे इंजिन जुळवणे म्हणजे हातकाम; दात नेमके बसावेत म्हणून कारागीर शिम घालून पाहणार, काढणार, पुन्हा घालणार. अशा इंजिनाने होंडाशी किमतीत झुंजायचे हे शक्यच नव्हते. सत्तरीच्या मध्यावर व्यवस्थापनाने दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे असलेल्या 350 आणि 500 सीसीच्या गाड्या काढायचे ठरवले, तेव्हा तालिओनी त्या आराखड्यापासून दूर राहिले. आक्षेपकांना यात ताठा दिसतो. तो असेलही. पण त्या गाड्या पडल्या. जपान्यांनी आधीच स्वस्तात दिलेली वस्तू महागात देण्याचा तो प्रकार होता. आणि बेव्हल गिअर महाग आहे हे तालिओनींना कुणी शिकवायला नको होते. 1977 मध्ये मिलानला दाखवलेली आणि 1979 पासून विकली गेलेली 500 सीसीची 'पांताह' हे त्यांनी त्यावर दिलेले उत्तर. उभे दांडे आणि बेव्हल गिअर गेले, त्यांच्या जागी दातेरी रबरी पट्टे आले. आवाज कमी, खर्च कमी, जुळवणी सोपी. ज्या बेव्हल गिअरवर त्यांची वीस वर्षांहून अधिक कीर्ती उभी होती ते त्यांनीच मोडीत काढले. जुन्याला चिकटणारा माणूस हे करत नाही. त्यांनी काय टाकले आणि काय ठेवले याची यादी केली तर ती हट्टाची वाटत नाही. कोन ठेवला, कारण त्याला जास्तीचा खर्च नव्हता. बेव्हल टाकला, कारण होता. डेस्मो पांताहमध्ये ठेवला, आणि तोही स्प्रिंगचा पर्याय न देता. दोन तऱ्हेचे माथे बनवण्यापेक्षा एकच बनवणे लहान कारखान्याला सोयीचे, असे त्यामागे असावे हा माझा तर्क. कारण काही असो, डुकाटी सरसकट डेस्मोची झाली ती इथून.

एकट्या प्रतिभावंताच्या कथेवरही आक्षेप घेता येतो, आणि तो मी आनंदाने मान्य करतो. फ्रांको फार्ने यांच्यासारखा चाचणीस्वार-मेकॅनिक जन्मभर शेजारी नसता तर अनेक आराखडे कागदावरच राहिले असते. 1978 मध्ये माइक हेलवुड अकरा वर्षांच्या खंडानंतर आइल ऑफ मॅनच्या टीटीला परतला आणि फॉर्म्युला 1 ची शर्यत जिंकला, ती गाडी बोलोन्याच्या एनसीआर या छोट्या कार्यशाळेने घडवली होती आणि मँचेस्टरच्या एका विक्रेत्याने उतरवली होती. (त्याच हेलवुडने आपली पहिली ग्रां प्री 1959 मध्ये अल्स्टरला तालिओनींच्या 125 सीसी डेस्मोवर जिंकली होती; शर्यतीच्या इतिहासात अशी वर्तुळे फार क्वचित पुरी होतात.) पण खासगी कार्यशाळेला जगज्जेती गाडी घडवता आली ती का, हेही विचारायला हवे. कारखान्याच्या गुप्त दालनात बनणारी दुर्मीळ यंत्रे असती तर ते जमले नसते. विक्रीच्या इंजिनातच शर्यतीचे इंजिन दडलेले होते, म्हणून बाहेरच्या हातांना ते सापडले. सहकाऱ्यांना श्रेय दिल्याने तालिओनींचे श्रेय घटत नाही. इतरांना काम करता येईल असा पाया त्यांनी घातला, एवढेच त्यातून दिसते.

1985 मध्ये कास्तिल्योनी बंधूंच्या काजिवाने डुकाटी विकत घेतली. सरकारला नको झालेल्या या कारखान्यात त्यांना काय दिसले? दोन वर्षे आधीच त्यांनी आपल्या गाड्यांसाठी डुकाटीकडून इंजिने घ्यायचा करार केला होता, आणि ती इंजिने पांताहच्या घराण्यातली होती. खरेदीतली मौल्यवान वस्तू तीच. तरुण इंजिनिअर मास्सिमो बोर्दी यांनी तिच्यावर चार व्हॉल्व्हचा, पाण्याने थंड होणारा माथा चढवला. बोलोन्या विद्यापीठातल्या त्यांच्या प्रबंधाचा विषयच चार व्हॉल्व्हचा डेस्मो होता. स्वतः तालिओनी दोन व्हॉल्व्हवर समाधानी होते आणि इथे ते मागे पडले हे कबूल करायला हवे. शर्यतीच्या जगाने बोर्दींना बरोबर ठरवले. त्यातून 851 आली, 1990 मध्ये रेमों रोश तिच्यावर सुपरबाइकचा जगज्जेता झाला, आणि मग 916. पण बोर्दींचा नवा माथा ज्या खालच्या धडावर बसला ते पांताहच्या धडातूनच वाढवलेले, कोन तोच, पट्टे तेच. दोन व्हॉल्व्हची मूळ शाखाही वाळली नाही. 1993 ची 'मॉन्स्टर' तिच्यावर उभी राहिली, आणि 2015 ची 803 सीसीची 'स्क्रॅम्बलर'ही. वाऱ्याने थंड होणारे, पट्ट्याचे, दोन व्हॉल्व्हचे ते इंजिन तालिओनींच्या 2001 मधल्या मृत्यूनंतरही नव्या गाड्यांत जात राहिले.

मग डेस्मोचे काय? मोटोजीपीत इतर कंपन्या हवेच्या दाबाने व्हॉल्व्ह मिटवतात आणि डुकाटी अजून कॅमने, आणि त्याच शर्यतगाडीवर तिने 2022 पासून सलग जगज्जेतेपदे मिळवली. तेव्हा ही यंत्रणा निव्वळ शोभेची आहे असे म्हणता येत नाही. पण प्रवासी 'मल्टिस्ट्राडा व्ही 4' ला डुकाटीने साधी स्प्रिंग बसवली आणि व्हॉल्व्हची तपासणी 60,000 किलोमीटरवर नेली. ज्याला लांबचा प्रवास करायचा आहे त्याला स्प्रिंग, ज्याला सर्वांत वरच्या फेऱ्या हव्या आहेत त्याला डेस्मो. 1968 मध्ये मार्क 3 आणि मार्क 3 डी एकाच दुकानात शेजारी शेजारी उभ्या होत्या, तीच ही वाटणी. आजची स्प्रिंग त्या काळच्या स्प्रिंगसारखी तुटत नाही, एवढाच फरक. पुढची प्रकरणे वाचताना डेस्मोच्या आकृत्यांवर वाचक रेंगाळणार हे उघड आहे, आणि त्या आहेतही तशा देखण्या. त्यांच्याबरोबर क्रँककेसच्या आकृत्याही एकाखाली एक ठेवून पाहाव्यात, 1955 पासून पुढे. तालिओनी कसा विचार करत हे त्या जास्त सांगतात.